वरवरची काजळी

मी स्पार्क प्लग बोलतोय. गाडीच्या इंजिनात आम्ही चार भाऊ असतो, त्यांतला मी तिसऱ्या नंबरचा. उंचीने बोटभर. अंगात चिनी मातीचा पांढरा दांडा, कमरेला लोखंडी आटे आणि तोंडाशी एक वाकडा आकडा. पेट्रोल आणि हवा एकत्र आत आली की तिथे ठिणगी टाकायची, एवढंच माझं काम. ठिणगी पडली की भडका उडतो, भडका उडाला की गाडी पुढे जाते, आणि मालक मिशीवर ताव देत म्हणतो, "बघा, कशी पळते!" तेव्हा आमचं नाव कुणी घेत नाही. गाडी बंद पडली की मात्र पहिलं नाव आमचंच.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. त्यातलं भट्टीचा लाल उजेड आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातला अंधार, एवढंच आठवतं. मला जग दिसलं ते जावा बेटावरच्या गारुंगच्या बाजारात. सिंदोरो डोंगराच्या अंगाखांद्यावरचं हे गाव. बटाटा, कोबी आणि धुकं, या तीन गोष्टींना तिथे कधी तोटा नाही. बाजाराच्या वळणावर चार खांब रोवून वर पत्रा टाकलेला होता, आणि त्या पत्र्याखाली एका बाईने मला खोक्यातून काढून हातावर घेतलं. हात तेलाने काळा, पण धरणं असं की जणू अंडंच धरलंय.

ती रुस्मिनी. बाजारात सगळे तिला यू रुस म्हणायचे. यू म्हणजे ताई. आमच्याकडे बाजारातली प्रत्येक बाई यू असते आणि प्रत्येक पुरुष कांग, म्हणजे दादा. त्यावरून कुणी नाती जोडायला जाऊ नये. रुस्मिनीचा नवरा मेकॅनिक होता. त्याला पाने उचलून देता देता ती काम शिकली. पुढे तो तापाने गेला, तेव्हा लोक म्हणाले, आता ही पत्रा विकून माहेरी जाणार. ती गेली नाही. दिवस-कार्य आटोपल्यावर तिने नवऱ्याचा शर्ट अंगात चढवला, बाह्या दुमडल्या आणि एका ट्रकखाली शिरली. त्यानंतर कुणी काही म्हणालं नाही.

गॅरेजला लागूनच तिच्या सासूची टपरी. सासूला सगळं गाव म्बाह सामिना म्हणायचं. म्बाह म्हणजे आजी. सोयाबीनच्या वड्या पिठात बुडवून ती मोठ्या कढईत तळायची. तेम्पे म्हणतात त्याला, तुमच्या भज्यांची चुलत बहीण समजा. म्बाहच्या कढईतलं तेल आणि म्बाहची जीभ, दोन्ही दिवसभर तापलेली.

रुस्मिनीची एक पद्धत होती. कुठलीही गाडी आली तरी आधी इंजिनात हात घालायची नाही. प्लग काढायचे, पत्र्याबाहेर उजेडात न्यायचे आणि वाचायचे. हो, वाचायचे. आमच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. जळून जळून विटेसारखा फिकट तांबूस रंग आला असेल तर समजावं, इंजिन सुखात आहे, पेट्रोल आणि हवा दोघांचं नीट पटतंय. तोंड कोरड्या काजळीने काळं झालं असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. काळं आणि वर तेलकट असेल तर इंजिन म्हातारं झालं, तेल झिरपतंय.

"आणि पांढरा?" एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं.

"पांढरा सगळ्यांत वाईट," ती म्हणाली. "हवा जास्त, पेट्रोल कमी. आतून ताप चढतोय. काळा प्लग रडतो, खोकतो, धूर काढतो, म्हणून लोक गाडी इथे आणतात. पांढरा गुपचूप पळत राहतो. आणि एक दिवस इंजिन घेऊन बसतो."

माझी नेमणूक झाली ती कांग दार्सोनोच्या गाडीवर. हिरवी पिकअप, मागे दोन लाकडी बाकं, वर ताडपत्री. सकाळी डोंगरावरच्या बायकांना बाजारात आणायचं आणि दुपारी त्यांना आणि त्यांच्या रिकाम्या टोपल्यांना वर पोचवायचं, हा त्याचा धंदा. गाडीला तो गेंडुत म्हणायचा, म्हणजे जाडी. "चल गं जाडे, एवढा चढ संपव, मग थांबू," असं तो तिच्याशी बोलत चालवायचा. वय पन्नाशीला टेकलेलं. भाऊ तरुणपणीच गेला, त्याचं पोर, प्राप्तो, याच्या गळ्यात पडलं. त्या पोराला वाढवताना स्वतःचं लग्न राहून गेलं, ते राहूनच गेलं.

रुस्मिनीने आम्हा चौघांना त्याच्या इंजिनात बसवलं आणि सांगितलं, "दोन महिने बघायची गरज नाही."

दार्सोनो आठवड्याने हजर.

"यू रुस, काळा धूर टाकते हो."

तिने आम्हाला काढलं. आम्ही चौघेही काळे ठिक्कर. मला स्वतःलाच लाज वाटली, कारण सकाळपर्यंत मी छान विटकरी होतो. झालं असं होतं, की तळ्याकडच्या वळणावर आल्यावर या बाबाने चोक ओढला. चोक कशासाठी असतो? थंडीत, पहिल्यांदा गाडी सुरू करताना. हवा अडवायची, पेट्रोल जास्त पाजायचं. इंजिन चांगलं तापलेलं असताना चोक ओढून दोन-तीन मैल चालवलं, तर पोट भरलेल्या माणसाच्या तोंडात जबरदस्तीने भात कोंबल्यासारखं होतं. आम्ही काळे पडलो, धूर निघाला, आणि गॅरेज दिसताच याने चोक हळूच आत ढकलला. चेहरा असा साळसूद, की देवाने बघून प्रसाद द्यावा.

रुस्मिनीने कार्ब्युरेटर उघडला, बघितला, बंद केला. आम्हाला घासूनपुसून परत बसवलं. तेवढ्या वेळात दार्सोनोने बाकावर बसून म्बाहचे तेम्पे खाल्ले, कॉफी प्यायली आणि रुस्मिनीला सांगितलं की वर कोबीला यंदा अळी नाही. जाताना एक कोबी ठेवून गेला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा धूर. पुन्हा तेम्पे, पुन्हा कॉफी, पुन्हा कोबी.

त्या वेळी तिने मला बोटात धरून बराच वेळ बघितलं. मग ओल्या फडक्याचं टोक माझ्या तोंडावरून फिरवलं. काजळी सहज निघाली आणि खालून विटकरी रंग दिसला. खरी काजळी अशी निघत नाही. ती दिवसेंदिवस बसत जाते, खोल भाजली जाते, ब्रशने खरवडावी लागते. ही वरवरची होती. तासाभराची. रुस्मिनीने मान वळवून बाकाकडे बघितलं. तो कॉफीत गुळाचा खडा ढवळत होता. तिने मला खाली ठेवलं आणि आवाज न करता हसली.

बोलली काहीच नाही. उलट गेंडुतसाठी तिने प्लगांची दुसरी चौकडी तयार ठेवली. तो आला की काळी काढायची, स्वच्छ बसवायची. काळी फळीवर ठेवून सवडीने साफ करायची. त्यामुळे एक आठवडा मी डोंगर चढायचो आणि एक आठवडा फळीवर आराम करायचो, आणि फळीवरून मला सगळं ऐकू यायचं.

"रुस," म्बाह एकदा कढईत झारा आपटून म्हणाली, "या दार्सोच्या गाडीला नेमका रोग तरी काय आहे?"

"काजळी धरते."

"गाडीला धरते की मालकाला?"

"मला काय ठाऊक, म्बाह."

"तुला नाही ठाऊक? अगं, तू लांबून आवाज ऐकून सांगतेस कुठल्या ट्रकचा कुठला बोल्ट ढिला आहे. आणि हा माणूस चार हातांवर बसून तुझ्या घरात कोबीचा डोंगर करतोय, त्याचं निदान होत नाही? आठवडाभर कोबी खातेय मी. या वयात कोबी काय करतो पोटाला, तुला सांगू?"

रुस्मिनी गाडीखाली शिरली. अवघड प्रश्न आला की ती गाडीखाली शिरायची. पण दर आठवड्याला त्या दिवशी ती कपाळावरचं तेल पुसून घ्यायची, हे मी फळीवरून बघितलेलं आहे.

असं पावसाळाभर चाललं. दार्सोनो काही बोलेना, रुस्मिनी काही बोलेना, आणि आम्ही मात्र दोघांपायी काळे होत राहिलो.

मग प्राप्तोचं लग्न ठरलं. मुलगी वरची, डिएंगची. निकाह मुलीच्या घरी, सकाळी दहाला. काझी दुपारी दुसऱ्या गावी जाणार होता, तेव्हा उशीर चालणार नाही असा वरून निरोप आला होता. दार्सोनोचा जीव आनंदाने आणि काळजीने वरखाली. हाताने भरवून वाढवलेलं पोर ते!

लग्नाआधीचे दोन-तीन दिवस मला इंजिनात बरं वाटत नव्हतं. चोकचा प्रकार नव्हता हा. उलटंच. घशाला कोरड पडायची, चढावर अंगाची लाही व्हायची, आणि आतून बारीक खडखड ऐकू यायची, डब्यात खडे हलवावे तशी. माझ्या तीन भावांना काही जाणवत नव्हतं. त्रास माझ्या एकट्याच्या खोलीत. दार्सोनोलाही खडखड ऐकू आली, पण लग्नाच्या धांदलीत त्याने म्हटलं, जाता जाता यू रुसला दाखवू.

लग्नाच्या सकाळी गेंडुत गॅरेजसमोर उभी राहिली ती पाहुण्यांनी ठासून भरलेली. मागे बाकांवर मामा, आत्या, काकू, मुलं. मांडीवर मुलीकडे न्यायची ताटं: केळ्यांचा घड, चिकट भाताच्या वड्या, कापड, साबण, अत्तर. एका टोपलीत पाय बांधलेला कोंबडा. पुढे नवरदेव, नवी काळी टोपी घालून घामाघूम. दार्सोनोनेही नवा बाटिकचा शर्ट घातलेला, इस्त्रीची घडी तशीच उभी.

"यू रुस," तो म्हणाला, "जरा बघता का? चढाला खडखड करते."

मागून आत्याबाईंचा आवाज आला, "अगं बाई, आजही? कांग, आज तरी राहू दे! लग्न पुतण्याचं आहे, तुझं नाही!"

सगळी गाडी हसली. मामा म्हणाले, "धूर नाही, काही नाही! आज खडखड काढली याने नवी!" पुन्हा हशा. बाजारातल्या भाजीवाल्याही हसल्या. म्हणजे आमच्या त्या काजळीचं गुपित अख्ख्या गारुंगला माहीत होतं तर!

रुस्मिनीचा चेहरा तांबडालाल झाला. आजवर कुणी तोंडावर हसलं नव्हतं; आज चारचौघांत तिच्याही नावाने हसणं चाललं होतं. "यू रुस, आज खरंच हो," दार्सोनो कळवळून म्हणाला.

"रोजच खरं असतं," ती तुटकपणे म्हणाली. गरम इंजिनातून तिने आम्हाला भराभर काढलं, न बघता फळीवर टाकलं, दुसरी चौकडी बसवली आणि झाकण दणकन आपटलं. "झालं. निघा."

गाडी गेली. दार्सोनोने आरशातून मागे बघितलं असणार, पण ती पाठ करून उभी होती.

थोड्या वेळाने, राग काढायला काहीतरी हवं म्हणून तिने फडकं घेतलं आणि पहिल्या भावाला उचललं. विटकरी. दुसरा. विटकरी. मग मी. तिच्या बोटात मी आलो आणि तिचा हात थांबला. ती मला घेऊन उजेडात गेली. मी पांढरा फटक पडलो होतो, उकडलेल्या अंड्यासारखा. आकड्याचं टोक वितळून गोल झालं होतं. आणि त्या पांढऱ्यावर बारीक चंदेरी ठिपके, जणू कुणी चिमूटभर चांदी शिंपडली. ती चांदी नव्हती. पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं ते. पिस्टन वितळायला लागला होता.

"म्बाह," ती म्हणाली, "तो खरं बोलत होता."

"कोण?"

"आज खरं बोलत होता हो! आणि मी बघितलंसुद्धा नाही. पुढचा चढ ही गाडी चढणार नाही. बसेल मध्येच. मागे सगळी पोरंबाळं, घाटात गाडी मागे घसरली तर?"

म्बाहने कढई चुलीवरून उतरवली. "मग उभी काय राहिलीस? काढ त्याची मोटरसायकल."

त्याची म्हणजे म्बाहच्या मुलाची, रुस्मिनीच्या गेलेल्या नवऱ्याची. ती कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. रुस्मिनी ती दर आठवड्याला सुरू करून बंद करायची, चालवायची मात्र नाही. आज तिने ताडपत्री ओढली, मला खिशात टाकलं, हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवली. किक मारते न मारते तोच मागे कुणीतरी बसलं.

"म्बाह, तुम्ही कुठे?"

"लग्नाला. मला आमंत्रण आहे."

सत्तरी ओलांडलेली बाई, नेसूचं लुगडं आवळून एका बाजूला पाय टाकून बसली होती. वाद घालायला वेळ नव्हता. निघालो.

तो रस्ता मी इंजिनात बसून कितीदा चढलो होतो, पण बघितला तो त्याच दिवशी, खिशाच्या फाटक्या शिवणीतून. एका बाजूला कोबीचे वाफे, दुसऱ्या बाजूला दरी, आणि समोर धुकं असं, की दुधात बोट घालत चाललोय. कजाजार गाव मागे पडलं. म्बाह मागून ओरडत होती, "हळू! नाही, जोरात! वळणावर हळू, बाकी जोरात!"

एका सरळ पट्ट्यावर ती एकदम शांत झाली. मग सुनेच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "रुस, माझा मुलगा गेला. तू नाही गेलीस. एवढं लक्षात ठेव."

रुस्मिनीने नुसता वेग वाढवला. पण तिचा श्वास जोरात आत गेला, हे खिशातल्या मला कळलं.

चहाच्या मळ्यांपाशी धुकं फाटलं आणि जे दिसलं ते बघून ती ब्रेक दाबायलाच विसरली. गेंडुत रस्त्याच्या कडेला उभी. आणि चहाच्या हिरव्या झुडपांतून अख्खं वऱ्हाड सैरावैरा धावत होतं. मामा, आत्या, काकू, नवरदेव, सगळे! कोंबड्याच्या पायाची दोरी सुटली होती आणि तो मळ्यात पळाला होता.

"डावीकडे! डावीकडे गेला!"

"अरे, टोपी सांभाळ, प्राप्तो, टोपी!"

"आत्या, लुगडं फाटेल!"

त्या कोंबड्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्याने पळ काढला नसता तर गेंडुत एव्हाना खड्या चढावर असती.

दार्सोनो चाकाला दगड लावून उभा होता. रुस्मिनीला बघून तो दोन पावलं पुढे आला. तिने मला त्याच्या हातावर ठेवलं.

"बघा."

"पांढरा आहे," तो म्हणाला. "आणि हे चमकतंय काय?"

"तुमचा पिस्टन."

त्याचा चेहरा माझ्याइतकाच पांढरा झाला. मग त्याला जरा धीर आला. "मी सांगितलं होतं की! म्हटलं होतं, आज खरंच!"

"सांगितलंत! आणि इतके महिने काय सांगत होता? काळा धूर, काळा धूर! चोक ओढून काजळी पाडायची आणि भोळ्या तोंडाने यायचं! लांडगा आला रे आला करून ठेवलंत, मग खऱ्या लांडग्याला कोण विचारणार?"

मळ्यातली धावपळ थांबली. कोंबडा काकूंच्या काखेत होता आणि सगळे कान इकडे होते.

दार्सोनो खाली बघत म्हणाला, "तुम्हाला... ठाऊक होतं?"

"दुसऱ्या खेपेपासून. फडक्याने निघणारी काजळी खरी नसते."

"मग बोलला का नाहीत?"

आता रुस्मिनीची पाळी होती, आणि शिरायला गाडी समोरच होती. पण ती शिरली नाही. उभीच राहिली. तिला शब्द सापडेनात.

म्बाहला सापडले. "बोलली असती तर तू यायचा थांबला असतास, मूर्खा. एवढंही वाचता येत नाही?"

आत्याबाईंनी पदराने तोंड झाकलं. मामांनी "वाह!" म्हटलं. रुस्मिनीने मात्र घड्याळाकडे बघितलं, मला परत खिशात टाकलं आणि एकदम मेकॅनिक झाली. "प्राप्तो, तू मोटरसायकल घे, म्बाहला मागे बसव आणि पुढे हो. गाडीला उशीर झाला तरी नवरदेवाला व्हायला नको. थांब! आधी मला दोष शोधू दे, काही लागलं तर."

इंजिन हळू चालू ठेवून तिने कान लावला. तिसऱ्या खोलीत हवा नेणाऱ्या नळीपाशी बारीक फुसफुस ऐकू येत होती. तिथल्या एका बारीक तोटीवर नखाएवढी रबरी टोपी असते. ती चिरली होती. त्या चिरेतून जादा हवा नेमकी माझ्या एकट्याच्या खोलीत शिरत होती, आणि त्यापायी मी भाजून निघालो होतो. एवढीशी टोपी!

"रबर हवं. जाड, चांगलं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लग्नाला निघालेल्या माणसांकडे अत्तर असतं, रबर नसतं.

म्बाहने पायातली चप्पल काढून पुढे केली. "टाच घे. टाच जाड आहे."

रुस्मिनीने सुरीने टाचेचा तुकडा कापला, घासून निमुळता केला, ताटातला साबण उघडून त्याला फासला, तोटीच्या तोंडात घट्ट बसवला आणि तारेने आवळला. फुसफुस थांबली. इंजिनाचा सूरच बदलला. मला बाहेरून ऐकताना गहिवरून आलं.

नवरदेव मोटरसायकलवरून निघाला, मागे एक चप्पल घातलेली आणि एक पाय उघडा असलेली म्बाह. दिसेनाशी होईपर्यंत तिचा आवाज येत होता, "हळू! नाही, जोरात!"

निम्मं वऱ्हाड मागून येणाऱ्या भाजीच्या ट्रकवर बसलं. हलक्या झालेल्या गेंडुतचं स्टिअरिंग रुस्मिनीने हातात घेतलं आणि दार्सोनो पहिल्यांदाच आपल्या गाडीत शेजारच्या बाजूला बसला. शेवटच्या चढाच्या मध्यावर, इंजिन जोरात ओढत असताना, तिने एकदम बंद केलं आणि हातब्रेक खेचला. अशा वेळी काढलेला प्लगच खरं बोलतो. हळू चालवून थांबवला तर आम्हीही थोडं खोटं बोलतो. तिने माझ्या जागी बसलेल्या भावाला काढून दार्सोनोच्या समोर धरलं.

"वाचा."

त्याने उजेडाकडे वळवला. "पांढरा नाही. जरा तांबूस यायला लागलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पोचू."

पोहोचलो. गेंडुत अंगणात शिरली तेव्हा काझी कागद उघडत होता. दार्सोनो पुतण्याच्या मागे जाऊन बसला. प्राप्तोने कबुली एका दमात दिली, न अडखळता. सगळे "आलहम्दुलिल्लाह" म्हणाले, आणि दार्सोनोने नव्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. त्यावर तेलाचा काळा पट्टा उमटला, तो त्याला दिवसभर कुणी सांगितला नाही.

जेवणाच्या पंगतीनंतर तो अंगणाच्या कडेला रुस्मिनीजवळ येऊन उभा राहिला. मी तिच्या खिशातच होतो, म्हणून सांगतो. कान देऊन ऐकत नव्हतो.

"यू रुस, यापुढे चोक ओढणार नाही."

"नका ओढू."

"पण मग... कुठल्या कारणाने येऊ?"

रुस्मिनीने नखाने हातावरचं तेल खरवडलं. मग म्हणाली, "कारण कशाला हवं? सरळ या."

तो सरळ आला. दुसऱ्याच दिवशी, मामांना घेऊन. म्बाहने पुढचामागचा विचार न करता होकार देऊन टाकला, आणि वर अट घातली: कोबी बंद.

त्यांचं लग्न झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. गेंडुतचा पिस्टन रुस्मिनीने बदलला आणि ती अजून पळते. प्राप्तोची मुलगी म्बाहच्या टपरीवर बसून तेम्पे खाते आणि म्बाहलाच उलट उत्तरं देते. मी मात्र पुन्हा इंजिनात गेलो नाही. वितळलेल्या आकड्याने ठिणगी पडत नाही. भंगाराच्या डब्यात जायचो, पण दार्सोनोने मला बाजूला काढलं, गळाच्या दोरीला बांधलं, आणि आता शुक्रवारी दुपारी दोघं मेंजेर तळ्यावर मासे धरायला जातात तेव्हा गळ बुडवायचं वजन, म्हणजे शिसं म्हणून मी बरोबर असतो.

आगीत जन्म काढलेल्याला पाण्याची भीती वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटत. तळ्याचं पाणी गार आहे, तळाशी शेवाळ मऊ आहे, आणि वरून त्या दोघांचं भांडण ऐकू येतं: दोरी फार सैल की फार ताठ, यावर. मासा अजून फारसा लागलेला नाही. त्याची दोघांनाही घाई दिसत नाही.

वाचकहो, तुमच्याही गाडीत माझे भाऊबंद असतील. अधूनमधून त्यांना उजेडात आणा, चेहरा बघा. काळ्याची फार काळजी करू नका, तो बोलून दाखवतो. न बोलता पांढरा पडत चाललेला कुणी असेल, त्याला मात्र आधी विचारा.

बरं, दार्सोनोने हात मागे नेलाय. आता मला सोडा. पाण्यात जायची वेळ झाली.